धुक्यातली शाळा

एका जंगलात, जिथे तळ्यावरचे धुके ऊन चढले तरी हलायला राजी नसे, तिथे एक हुप्प्या वानर राहत असे. रोज पहाटे तो अर्जुनाच्या झाडाच्या शेंड्यावर बसे आणि खाली हरणांचा कळप पाणी पीत असे. धुक्यात हरणांना चार पावलांपलीकडचे दिसत नसे, पण वानराला वरून गवत हललेलेही कळे. वाघाची चाहूल लागली की तो "खॅक्! खॅक्!" असा ओरडे आणि कळप पळत सुटे. वानराने आवाज दिल्याशिवाय पाण्यातून तोंड वर काढायचे नाही, असा हरणांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज होता.

एका हिवाळ्यात तिथे एक पोपट आला. तो एका शाळेच्या ओसरीवर पिंजऱ्यात वाढला होता. गुरुजी मुलांकडून उच्चार कसे घोटवून घेतात, हे त्याने वर्षानुवर्षे ऐकले होते. साऱ्या जंगलाने एकच स्वच्छ बोली बोलावी, म्हणजे कोणी कोणाला परके राहणार नाही, असे त्याचे स्वप्न होते. स्वप्न वाईट नव्हते, मुलांनो. त्याने तळ्याकाठी शाळाच भरवली.

"बोलणं म्हणजे दुसरं काय? छातीतला श्वास!" पोपट सांगे. "तो वर येतो, गळ्यातल्या दोन नाजूक पडद्यांना थरथरवतो. मग जीभ आणि ओठ त्याला वळण देतात. जिभेचा मागचा भाग उचलून श्वास अडवा आणि सोडा, झाला 'क'. ती दातांना टेकवा, झाला 'त'. ओठ मिटून उघडा, झाला 'प'. ओठ मिटून नाकातून सोडा, झाला 'म'. म्हणा माझ्यामागून!"

आणि सगळे म्हणत. तुम्हीही गळ्यावर दोन बोटे ठेवून 'म्' लांबवून पाहा. बोटांखाली एक भुंगा गुणगुणेल. मग नाक दाबा, भुंगा तिथल्या तिथे गप्प! पोपट शिकवत होता ते खोटे नव्हते. थंडीने प्रत्येक शब्दाबरोबर तोंडातून वाफ निघे आणि ती धुक्यात मिसळून जाई. जणू ते धुके म्हणजे आजवर कोणी कोणी बोललेले सगळे बोलणेच होते. एका हरिणीचे पाडस 'म' म्हणे आणि आपल्याच नाकातून निघालेल्या वाफेमागे धावे.

एकदा कासवाने विचारले, "गुरुजी, तुम्हाला ना ओठ, ना दात. मग तुम्ही 'प' म्हणता तरी कशाने?"

"पाठ चालू असताना मध्ये बोलू नये!" पोपट चिडून म्हणाला.

"विचारलं आपलं," असे पुटपुटत कासवाने मान आत घेतली.

पोपट आता वानराकडे वळला. "आणि वानरदादा, तुमचं ते खोकणं बंद करा बघू. घशात काटा अडकल्यासारखं वाटतं. सरळ 'वाघ' म्हणा. वरचे दात खालच्या ओठावर हलकेच टेकवा." हरणे फिदीफिदी हसली. वानराचे तोंड एवढेसे झाले. त्या दिवसापासून तो फांदीवर बसून ओठ दाताखाली घेई आणि फुंकत राही. निघे ती नुसती वाफ.

मग एका पहाटे गवत हलले. वाघ पाडसाच्या रोखाने सरकत होता. वानराने दात ओठावर टेकवले, मग जीभ मागे नेली. दात आधी की जीभ आधी, हे त्याला आठवेना. आवाज फुटेना. वरून उडणाऱ्या पोपटानेही वाघ पाहिला आणि तो ओरडला, "वाघ आला! वाघ आला!"

किती स्वच्छ उच्चार होता तो! हरणांनी शहाण्या विद्यार्थ्यांसारखे माना डोलावल्या आणि एका सुरात म्हटले, "वाघ आला! वाघ आला!"

"अरे, पाठ नाही हा! पळा!"

"अरे, पाठ नाही हा! पळा!" कळप म्हणाला. पाडस तर वाफ पकडायला गवताच्या दिशेनेच निघाले.

पोपटाने वानराच्या फांदीवर झडप घातली. "दादा, ते दात सोड, ते ओठ सोड! गुरुजींचं तोंड आहे ते, तुझं नाही. खोक! तुझं तू खोक!"

वानराने डोळे मिटले. पोटातून एक श्वास उसळला आणि त्याला स्वतःला ठाऊक असलेल्या वाटेने बाहेर पडला : "खॅक्! खॅक्! खॅक्!"

क्षणात तळ्याचा काठ रिकामा झाला. वाघाच्या पंजात फक्त धुके आले.

दुपारी ऊन पसरले तेव्हा पोपट कासवाजवळ जाऊन बसला. "तू विचारलं होतंस ना," तो हळूच म्हणाला, "मला ओठ नाहीत. मी 'प' छातीत खोल घडवतो, जिथे श्वासाच्या नळीला दोन फाटे फुटतात तिथे. किती दिवस धडपडलो, तेव्हा ती जागा सापडली. आणि तुम्हाला मात्र मी गुरुजींच्या जागा पाठ करायला लावल्या."

"मग उद्या शाळा नाही?" कासवाने विचारले.

"आहे. पण उद्या मी ऐकणार."

दूर गवतात पाडसाने आईला हाक मारली. त्यात 'म' नव्हता की 'आ' नव्हता, नुसता एक कोवळा हुंकार होता. आईने तो लगेच ओळखला.

तात्पर्य : दुसऱ्याची बोली जरूर शिकावी, पण आपली हाक लाजून टाकू नये. श्वास सर्वांना मिळतो, त्याला आवाज करण्याची वाट मात्र ज्याची त्याने शोधायची असते. जो उसन्या वाटेसाठी आपली वाट सोडतो, तो ऐन वेळी मुका होतो.