ऐरावताचे दोन बोल्ट

खाड्! खाड्! दोन आवाज झाले आणि सोनखळीचे राजे मर्दनराव सिंहासनासकट ओढ्याच्या चिखलात जाऊन बसले!

ते आले होते ट्रकवरून. म्हातारा हत्ती गेला, नवा परवडेना, म्हणून राजांनी ट्रक घेतला. नाव ठेवलं ऐरावत, आणि बांधला हत्तीखान्यातच. पाठीवर झूल, गळ्यात घंटा, तोंड कायम हौदाकडे. का, तर ऐरावताला तहान लागली तर! दसरा उद्यावर आला होता. मिरवणुकीचा सराव चालू असताना ऐरावत ओढ्यात रुतला. ट्रॅक्टर आणला, पुढच्या हुकात साखळी अडकवली, हिसका दिला. हुकाचे दोन्ही बोल्ट तुटले, ट्रक मागे घसरला आणि महाराज पुढे! पलीकडच्या काठावर तांबुळवाडीचे राजे पान चघळत उभे होते. ते पोट धरून हसले.

बैलांच्या चार जोड्यांनी ऐरावत घरी आणला. हौदापाशी मिशीतला चिखल निपटत राजे गरजले, "कुणी लावले हे बोल्ट?"

"माहुतानं, सरकार!" कारभारी केशवपंतांनी क्षणाचाही वेळ घेतला नाही.

बोल्ट येसू माहुतानंच आवळले होते, हे खरं. पण खंडेनवमीच्या पूजेला हूक चमकला पाहिजे म्हणून दिवाणखान्यातल्या आरशाचे चकचकीत बोल्ट काढून आणले होते पंतांनीच!

"ऐक, येसू," राजे म्हणाले. "उद्या दुपारपर्यंत नवे बोल्ट. ते लागले की आमची मिशी आम्हाला लखलखीत दिसली पाहिजे. ते तुटता कामा नयेत. आणि तुटणार नाहीत हे आधी पटवून द्यायचं. पण एकही बोल्ट तोडायचा नाही, ट्रकही जागचा हलवायचा नाही! नाही जमलं, तर हत्तीखान्यातली खोली खाली कर."

चार पिढ्यांची खोली! येसू गाठोडं बांधायला लागला. त्याची लेक सगुणा मात्र तुटके तुकडे वेचत होती.

"बा, हत्ती होता तेव्हा मिरवणुकीत त्याच्या पायात साखळी कसली?"

"चांदीची."

"आणि एरवी बांधायचास कशानं?"

"लोखंडाच्या. चांदीनं हत्ती थांबतोय व्हय?"

"मग झालं तर!" सगुणानं तुकडे पदरात बांधले आणि बाजाराची वाट धरली.

दुकानदारानं आधी चकचकीतच पुढे केले. गिऱ्हाईक ओळखायची दुकानदारांची ही जुनी रीत. चमक बघून भुललं, की पुढचा मालही तसलाच!

"हे आरशाला ठेवा, काका. मला ट्रक ओढायचाय. काळे दाखवा, डोक्यावर आकडा ठोकलेले."

दुकानदारानं चष्मा नीट केला. आता खरी पेटी निघाली. सगुणानं १०.९ असा ताकदीचा आकडा असलेले निवडले. जुन्या तुकड्याशी जाडी ताडून पाहिली, भोकात ढिले बसायला नकोत. मग दांडा निरखला. "यांचे आटे पार वरपर्यंत आलेत. जुनेही नेमके आट्यांतूनच तुटले. हुकाच्या भोकात गुळगुळीत दांडा बसेल आणि आटे बाहेर नटापुरते राहतील, असे द्या. आणि नटही तेवढ्याच ताकदीचे. नवरदेव पैलवान आणि घोडं लंगडं, असं नको!"

"पोरी, गल्ल्यावर बसतेस का?"

"आधी खोली वाचू द्या, काका!"

दुसऱ्या दिवशी दुपारी राजे मिरवणुकीची सगळी मंडळी घेऊन आले आणि थबकले. ऐरावत जागच्या जागी, तोंड हौदाच्या काठाबाहेर. हुकाला दोरखंड, दोरखंडाला फळी, आणि फळी हौदाच्या पाण्यावर लोंबकळतेय!

"हे काय?"

"झोपाळा, सरकार. बोल्ट दोन जातींचे आहेत. दिवाणखान्यातल्या आरशाला चकचकीत दोन शिल्लक होते, तेच काढून आत्ता लावलेत. कालचे दोनही तिथूनच पंतांनी आणून दिले होते, म्हणजे पंत त्यांचे जुने जाणकार. त्यांनी बसून दाखवावं. मांडीवर फक्त हत्तीच्या साखळ्या घ्यायच्या."

पंतांनी खालच्या खोल पाण्याकडे पाहिलं. "माझं... माझं कंबरडं धरलंय, सरकार! कालपासून!"

"काल तर ट्रॅक्टरपुढे नाचत होतात!" राजे गुरगुरले.

सगुणानं पाना घेतला, चकचकीत काढले, काळे आवळले. मग स्वतः फळीवर बसली, येसूला शेजारी घेतलं आणि हत्तीखान्यातल्या झाडून साऱ्या साखळ्या मांडीवर ओढून घेतल्या. दोरखंड करकरला. हूक जागचा हलला नाही!

"बोल्ट तोडला नाही, ट्रक हलवला नाही," उतरून ती म्हणाली. "आता सरकारांनी बसावं."

इतक्या लोकांसमोर माघार कशी घ्यायची? राजे धोतर सावरत बसले. बसल्यावर मात्र आठवण झाली. "पण हे तर काळेकुट्ट! आमची मिशी कुठं दिसते यांत?"

"खाली बघा, सरकार."

राजांनी पायांखाली पाहिलं. हौदाच्या पाण्यात त्यांची मिशी दिसत होती, टोकाच्या पिळासकट, लखलखीत!

"बोल्ट टिकले, तर मिशी पाण्यात दिसते," सगुणा म्हणाली. "तुटले, तर मिशी पाण्यात जाते. आरशाचे परत लावू का?"

राजे असे खदाखदा हसले की फळी हेलकावली, पाणी उसळलं आणि पंत नखशिखांत भिजले!

"खोली तुमची, पिढ्यान् पिढ्या! आणि आजपासून ऐरावताची माहुतीण तू. चांदीचा अंकुश आणा रे!"

"अंकुश नको, सरकार. पान्यांचा एक चांगला संच द्या."

"दिला! आणि पंत, आरसा पडायच्या आत ते बोल्ट जिथले तिथे लावून या!"