समोरासमोरचा होकार

फार जुनी गोष्ट आहे. त्या राज्याचं नाव आता कुणाला आठवत नाही, राजाचंही नाही, आणि नावं आठवून आपल्याला काही करायचंही नाही. पोरांनो, ऐका. आणि पोरांच्या आयांनो, तुम्ही हातातलं काम बाजूला ठेवून ऐका.

त्या राज्यात एक वकील होता. उमेदीची सगळी वर्षं त्यानं राजाच्या दरबारात भांडण्यात घालवली. स्वतःचं नाही, दुसऱ्यांचं भांडण. जीभ अशी, की समोरचा वकील उभा राहायच्या आधीच घाम पुसायचा. एकदा त्यानं एका भावाला दुसऱ्या भावाविरुद्ध विहीर जिंकून दिली. जिंकलेल्यानं त्या विहिरीवर भावाच्या बायकोला पाय ठेवू दिला नाही. ती बाई लेकराला कडेवर घेऊन रोज नदीवर जायची, आणि जायची वकिलाच्या दारावरूनच. वकिलानं ते पाहिलं आणि दरबार सोडला.

"आता मी कुणाला जिंकून देणार नाही," तो म्हणाला. "मिटवून देईन."

त्यानं आपल्या अंगणात कडुलिंबाखाली घोंगडी अंथरली. घोंगडीच्या एका टोकाला एक, दुसऱ्या टोकाला दुसरा, मध्ये वकील. नियम एकच, पण कडक. जे बोलायचं ते दोघांसमोर. एकट्यानं येऊन कानाशी लागायचं नाही. मागल्या दारानं कुणी आलं, तर वकील दार लावून घ्यायचा.

"एकट्याचं ऐकलं की मी त्याचा झालो," तो म्हणायचा. "मग मी मध्ये कुठला?"

नियम चांगला होता. त्यानं शेताच्या बांधांचे तंटे मिटले, गोठ्यातल्या वाटण्या मिटल्या, शेजाऱ्याच्या आंब्याच्या फांदीवरून फुटलेली डोकी सांधली गेली. मिटलं, की वकील गुळाचा खडा फोडून दोघांच्या हातावर ठेवायचा. दोघांनी तो तिथंच खायचा आणि उठायचं.

मग नवरा-बायको येऊ लागले. त्या राज्यात नवरा-बायकोला वेगळं व्हायचं असेल, तर पंचांसमोर गवताची काडी मोडावी लागे. पण वकिलाच्या अंगणात काडी कधी मोडली गेली नाही. आलेलं प्रत्येक जोडपं गूळ खाऊन परत गेलं. लोक लांबून गाड्या जुंपून येत आणि म्हणत, इथं मोडत नाही. वकिलाला ते ऐकायला आवडायचं. कुणाला नाही आवडणार? वाईट कामाचा गर्व झाला तर चार माणसं तोंडावर बोलतात तरी. चांगल्या कामाचा झाला, तर कोण बोलायला जातं?

अशात एक दिवस येसू आली.

येसू म्हणजे राजाच्या पागेला चारा पुरवणाऱ्या व्यापाऱ्याची बायको. तान्ह्या लेकीला घेऊन, घर सोडून भावाकडे गेली होती. भावानंच तिला अंगणात आणलं, आणि तिकडून व्यापारी आला. व्यापारी बोलायला गोड. आल्याआल्या वकिलाच्या पाया पडला.

"वकीलसाहेब, माझं चुकलं असेल," तो म्हणाला. "मी रागीट आहे. पण घर म्हटलं की भांड्याला भांडं लागतंच. तुम्ही म्हणाल ते मला कबूल."

वकील येसूकडे वळला. "बोल, बाई. काय म्हणणं आहे तुझं?"

येसूनं नवऱ्याकडे पाहिलं. मग घोंगडीकडे. "काही नाही," ती म्हणाली.

"परत जायला तयार आहेस?"

"हो."

"काही अट?"

"नाही."

"एखादं मागणं? सासूचं काही, घरखर्चाचं काही?"

"नाही काका. काही नाही."

गूळ फोडला गेला. लोक म्हणाले, वा, इतक्या झटक्यात कधी मिटलं नव्हतं. व्यापारी हसत उठला. येसू गुळाचा खडा तोंडात धरून त्याच्यामागून चालू लागली. ती चावत नव्हती, हे वकिलानं पाहिलं.

आणि तिथूनच त्याला अन्न गोड लागेना.

कारण वकील मूर्ख नव्हता. आयुष्य त्यानं भांडणाऱ्यांत काढलं होतं. ज्या बाईला परत नांदायचं असतं, ती भांडते. चूल वेगळी हवी म्हणते, नणंदेचं नाव काढते, माहेरी सणाला पाठवायचं कबूल करून घेते. जिला त्या घरात जगायचंय, ती त्या घरात आपल्यापुरती जागा मागतेच. येसूनं काहीच मागितलं नव्हतं.

तो काहीतरी निमित्त काढून व्यापाऱ्याच्या घराकडे गेला. घर तांबटआळीला लागून. सकाळपासून दिवस कलेपर्यंत आळीत तांब्याच्या पत्र्यांवर हातोडे पडत. आपण काय बोललो ते आपल्यालाच ऐकू येऊ नये, असा तो आवाज. व्यापारी दारात आला. येसू त्याच्यामागं उभी राहिली.

"बरं आहे ना, पोरी?" वकिलानं ओरडून विचारलं.

"सांग की, बरं आहे ना?" व्यापारी हसून म्हणाला.

"बरं आहे," येसू म्हणाली.

आता मला सांगा, दुसरं काय म्हणणार होती ती? पण वकिलानं तेवढ्यावर पाय मागं घेतला. चालताना तो स्वतःला सांगत होता, बरं आहे म्हणाली, स्वतःच्या तोंडानं म्हणाली.

दिवस असेच गेले. कुणी अंगणाचं फाटक वाजवलं की वकील दचकायचा. वाईट बातमी आली, असंच वाटायचं. घोंगडीवर बसलेले लोक बोलत असायचे आणि याचं लक्ष रस्त्याकडे.

मग येसूचा भाऊ आला. त्याचं तोंड उतरलेलं होतं.

"येसू आली होती," तो म्हणाला. "तो गाडीत बसून होता, ती दारापर्यंत आली. लेकीला माझ्या बायकोच्या हातात दिली. म्हणाली, दादा, हिला ठेवून घे. मी म्हटलं, कधीपर्यंत? तर नुसती बघत राहिली. पोरीची सगळी झबली घेऊन आली होती हो. थंडीची पण. आणि आता तर उन्हाळा आहे."

वकील उठला. घरात गेला आणि बायकोसमोर बसला. बायको तांदूळ निवडत होती.

"काय करू?" तो म्हणाला. "पुन्हा बोलावलं, तर पुन्हा तेच म्हणेल. एकटीला विचारायचं, तर माझा नियम मोडतो. उद्या लोक म्हणतील, हा एका बाजूचा झाला. इतक्या वर्षांत या अंगणात..."

"तुम्हाला भीती कशाची वाटते?" बायको म्हणाली. सूप तिनं खाली ठेवलं नाही. "ती मरेल याची, की तुमच्या अंगणात काडी मोडेल याची? एक काय ते ठरवा."

बायका असं बोलल्या की पुरुषांना राग येतो. वकिलालाही आला. पण तो राग घेऊनच तो उठला, कारण उत्तर त्याला माहीत होतं आणि त्याची लाज वाटत होती.

त्यानं दोघांना बोलावणं धाडलं. दोघं आली. घोंगडीवर बसायच्या आत वकील व्यापाऱ्याला म्हणाला, "तुम्ही फाटकाबाहेर थांबा."

व्यापाऱ्याचं हसू जागच्या जागी राहिलं. "हे कुठलं नवीन?"

"आजपासूनचं."

"हा पक्षपात आहे, वकीलसाहेब."

"असेल. थांबा बाहेर."

फाटक लागलं. येसू तरीही बोलेना. फाटकाच्या फटीकडे बघत राहिली. वकिलानं तिला उठवून आत नेलं, मागच्या पडवीत, बायकोजवळ बसवलं आणि स्वतः तिच्याकडे पाठ करून बसला. मग येसू बोलू लागली, अगदी हळू.

"तांबटआळीत हातोडे सुरू झाले, की तो दार लावतो," ती म्हणाली. "हातोडे चालू असेपर्यंत मी कितीही ओरडले तरी कुणाला कळत नाही. ते थांबले, की मला कळतं, आजचा दिवस निभावला. आता म्हणतो, पुन्हा घरातून गेलीस तर पोरीला त्या आवाजात घेईन. म्हणून पोरीला आधी काढली."

"मग त्या दिवशी मला का नाही सांगितलंस?" वकील भिंतीकडे बघत म्हणाला.

"तुम्ही मला त्याच्यासमोर विचारलंत, काका."

वकिलानं कपाळ भिंतीला टेकवलं.

"तुला परत जायचंय का?" त्यानं विचारलं.

"नाही."

येसू वकिलाच्याच घरात राहिली. व्यापारी मात्र फाटकावरून थेट राजाकडे गेला. दुसऱ्याच दिवशी दरबारातून बोलावणं आलं. वकिलानं, त्याच्या बायकोनं आणि येसूनं तिघांनी जायचं होतं. वाटेत वकिलाच्या बायकोनं येसूचे हात आपल्या पदरात गुंडाळून धरले.

दरबार भरलेला होता. व्यापारी पुढं उभा.

"महाराज," तो म्हणाला, "यांनी माझ्या पाठीमागं माझ्या बायकोला फितवलं. माझं ऐकून न घेता निवाडा दिला."

राजा वकिलाला ओळखत होता. "हे खरं?" त्यानं विचारलं. "दोघांचं ऐकल्याशिवाय निवाडा नाही, हे मला तुम्हीच शिकवलंत."

"निवाडा मी दिलेला नाही, महाराज," वकील म्हणाला. "कोण खरं, कोण खोटं, ते तुम्ही ठरवा, आणि दोघांचं ऐकूनच ठरवा. माझं काम तडजोडीचं. तडजोडीला दोघांचा होकार लागतो. हिचा होकार खरा होता का, एवढंच मी पाहिलं."

"ते मीही पाहू शकतो," राजा म्हणाला आणि येसूकडे वळला. "बाई, घाबरू नकोस. इथं मी आहे, माझे शिपाई आहेत. नवऱ्याकडे परत जायला तयार आहेस?"

सगळा दरबार तिच्याकडे बघत होता. येसूनं मान वर केली. राजाकडे पाहायला केली असेल, पण नजर गेली नवऱ्यावर. व्यापारी काही म्हणाला नाही. नुसता पाहत होता.

"हो," येसू म्हणाली.

दरबारात हसू उठलं. व्यापाऱ्यानं हात जोडले. राजाच्या कपाळाला आठी पडली.

"ऐकलंत?" तो वकिलाला म्हणाला.

"ऐकलं, महाराज. मीही हेच ऐकलं होतं, आणि गूळ वाटला होता." दरबार गाजवलेली ती जीभ, पण त्या दिवशी कोरडी पडली होती. "आता एवढंच करा. याला दाराबाहेर पाठवा. दरबारही रिकामा करा. आणि तोच प्रश्न, त्याच शब्दांत, पुन्हा विचारा."

राजानं दाराकडे पाहिलं. मग त्यानं हात केला. व्यापाऱ्याला बाहेर नेलं, लोक गेले. दार लागल्याचा आवाज येईपर्यंत येसू हलली नाही. दार लागलं, आणि ती होती तिथंच खाली बसली.

"बाई," राजा म्हणाला, "नवऱ्याकडे परत जायला तयार आहेस?"

"नाही," येसू म्हणाली. "मला मारलंत तरी नाही." आणि तिनं दंडावरचा पदर बाजूला केला.

राजानं ते पाहिलं आणि मान फिरवली. बाई तीच, तोंड तेच, प्रश्न तोच. मध्ये फक्त एक माणूस दाराबाहेर गेला होता.

मग राजानं व्यापाऱ्याला आत घेतलं आणि त्याचंही सगळं ऐकलं. त्याचं गोड बोलून झाल्यावर राजानं तांबटआळीतून चौघांना आणवलं. हातोडे हातात असले तरी शेजाऱ्याचं दार कधी लागतं हे डोळ्यांना दिसतंच. त्या दिवशी दरबारात काडी मोडली गेली. लेक येसूकडे राहिली. व्यापाऱ्याचं पागेचं काम गेलं आणि त्याला तुरुंग मिळाला. आणि राजानं दवंडी पिटवली, की यापुढं या राज्यात कुणाचाही समेट करायचा, तर आधी प्रत्येकाला एकेकटं विचारायचं, आणि मगच समोरासमोर बसवायचं.

लोकांनी वकिलाचा जयजयकार केला. वकील मात्र घोंगडीवर बसायला परत गेला नाही. काठी घेऊन तो गावोगाव निघाला. आजवर गूळ देऊन परत पाठवलेल्या एकेका बाईच्या दारात उभा राहायचा, नवऱ्याला विहिरीवर नाहीतर शेतावर धाडायचा आणि विचारायचा, "पोरी, त्या दिवशी हो म्हणालीस, ते मनापासून होतं का?" बऱ्याचजणी हसल्या. म्हणाल्या, होतं काका, या, ताक घ्या. काहीजणी रडल्या, आणि त्यांना तो सोबत घेऊन आला.

एका दारात एक म्हातारा बसला होता. वकिलानं सुनेची चौकशी केली. म्हातारा म्हणाला, "उशीर केलात."

ज्याच्या भीतीनं तोंड मिटलंय, त्याच्याच समोर घेतलेला होकार हा होकार नसतो.