कान पकडलेला उंदीर

बसलात का सगळे? मांडी घाला बघू. ऐका हं.

एक होता उंदीर. पिटुक त्याचं नाव. त्याची मैत्रीण खारुली. इवलीशी खार.

खारुलीकडे लाकडाची बाहुली होती. आई दाणे आणायला गेली, की खारुली बाहुलीला कुशीत घ्यायची. मग तिला रडू यायचं नाही.

एक दिवस पिटुकचे दात शिवशिवले. उंदराचेच दात ते, गप्प बसतात थोडेच! कुर्रम कुर्रम! कुर्रम कुर्रम! बाहुलीचा झाला भुसा.

खारुली आली. भुसा बघितला. "माझी बाहुली!" केवढी रडली बिचारी!

पिटुक कोपऱ्यातून बघत होता. पण बोलला का? छे! चोराच्या मनात चांदणं. पळाला तुरुतुरु, तुरुतुरु.

झिलूकाका लाकडाची खेळणी कोरायचे. खट् खट्, खट् खट्. पिटुक गेला त्यांच्याकडे.

"काका हो काका, बाहुली कोरा. बाहुली मोडली, खारुली रडली!"

"कोरेन की! पण लाकूड कुठाय? पांगाऱ्याच्या झाडाकडून फांदी आण."

तुरुतुरु, तुरुतुरु.

"पांगाऱ्या, पांगाऱ्या, फांदी दे. काका कोरतील. बाहुली मोडली, खारुली रडली!"

"देईन की! पण घसा सुकलाय. ओहोळाला पाणी सोडायला सांग."

तुरुतुरु, तुरुतुरु.

"ओहोळा, ओहोळा, पाणी सोड. पांगारा पिईल, फांदी देईल. काका कोरतील. बाहुली मोडली, खारुली रडली!"

"सोडेन की! पण धोंडा आडवा पडलाय. म्हशीला ढकलायला सांग."

तुरुतुरु, तुरुतुरु.

"म्हशी गं म्हशी, धोंडा ढकल. ओहोळ वाहील, पाणी सोडेल. पांगारा पिईल, फांदी देईल. काका कोरतील. बाहुली मोडली, खारुली रडली!"

"ढकलेन की! पण गोचिड्या चावतायत मेल्या. बगळ्याला टिपायला सांग."

तुरुतुरु, तुरुतुरु. दमला हो पिटुक!

"बगळ्या, बगळ्या, गोचिड्या टिप. म्हैस उठेल, धोंडा ढकलेल. ओहोळ वाहील, पाणी सोडेल. पांगारा पिईल, फांदी देईल. काका कोरतील. बाहुली मोडली, खारुली रडली!"

"टिपेन की! पण खरं सांग. बाहुली मोडली कशी?"

पिटुक इकडे बघे, तिकडे बघे. बगळा एका पायावर उभा. हलेना की डुलेना.

पिटुकला भडभडून आलं. "मी कुरतडली! मीच! चुकलं माझं!"

"हं. आता टिपतो."

टिप् टिप्! बगळ्याने गोचिड्या टिपल्या. म्हैस उठली, धोंडा ढकलला, धडाम्! ओहोळ वाहिला, खळखळ खळखळ. पांगारा प्यायला, गटगट गटगट. फांदी दिली, कडाड्! काकांनी फांदी घेतली.

"बाहुलीच ना रे?"

"नको काका. उंदीर कोरा. कान पकडलेला."

खट् खट्, खट् खट्. झाला उंदीर तयार.

पिटुक निघाला. आता तुरुतुरु नाही. हळू हळू, हळू हळू.

"खारुली, बाहुली मोडली नव्हती. मी कुरतडली. ती आता परत येणार नाही. मला फार फार वाईट वाटतंय."

खारुलीने लाकडी उंदीर घेतला. त्याचे पकडलेले कान बघितले. त्याचा खाली घातलेला चेहरा बघितला.

"मला माझी बाहुलीच हवी होती," ती म्हणाली. आणि रडली. पिटुकही रडला.

मग खारुलीने खऱ्या उंदराचा कान धरला. अस्सा पिळला!

"आई आई गं!"

"आता बस इथे," खारुली म्हणाली. "माझी आई येईपर्यंत जायचं नाही."

पिटुक बसला. मध्ये लाकडी उंदीर, इकडे खारुली, तिकडे पिटुक. आई येईपर्यंत दोघं तिथेच बसली.