चिमाक्काची फळी

फार वर्षांपूर्वी, वाकुर्लीला वीज नव्हती आणि नदीवर पूलही नव्हता, तेव्हा त्या गावात चाळीस शिलाई मशिनी होत्या. सगळ्या पायाने चालवायच्या. खाली लोखंडी पाय, त्यावर सागवानी टेबल आणि टेबलावर काळी कुळकुळीत मशीन. त्या कोणी आणल्या, केव्हा आणल्या, हे तेव्हाच्या म्हाताऱ्यांनाही सांगता येत नव्हतं. गावची जमीन म्हणजे सगळा खडक. लहान मुलांच्या कुंच्या, झबली, टोपडी शिवायची आणि माघातल्या जत्रेत विकायची, यावर चाळीस घरं जगत होती.

ह्या मशिनींची दुखणी बघायचा तातोबा सुतार. चिमाक्का त्याची मुलगी. लग्नाला दहा वर्षं झाली, मूल झालं नाही, नवऱ्याने दुसरी केली आणि चिमाक्का एक बोचकं घेऊन माहेरी आली. त्याच वर्षी तातोबाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. मग तो सांगायचा आणि ती करायची. आधी नुसते स्क्रू शोधून द्यायची, मग रंधा मारायला लागली, मग पटाशी धरायला लागली.

बाईने पटाशी धरू नये असं तेव्हा मानत. गावातली पार्वताक्का पाटलीण तर उघड म्हणाली, "टाकलेल्या बाईचा हात लागला की लाकूड वाकडं जातंय. माझ्या मशीनला तिनं शिवायचं न्हाई."

ते तातोबाच्या कानावर आलं. तो मुलीला एवढंच म्हणाला, "माणसांचं लई ऐकू नगंस. लाकडाचं ऐक."

चिमाक्काने ते शब्दशः घेतलं. मशीन आली की ती आधी टेबलाला कान लावायची आणि म्हणायची, "आता चालवा." पायाखालचा पायटा खालीवर व्हायचा, चाक फिरायचं, आणि ती डोळे मिटून ऐकत राहायची. असं म्हणतात, टेबलाला कान लावून ती मशीन कोणाची, ती बाई उजव्या पायाने जोर देते की डाव्या, आणि आज घरात भांडण झालंय का, हेसुद्धा सांगायची.

तातोबा गेला त्या वर्षी हुसेनबीची मशीन अडकली. हुसेनबी तिच्याच गल्लीतली म्हातारी शिवणारीण, एकटी राहायची. मशीनचं चाक हलेना. चिमाक्काने सगळे स्क्रू काढले, काढले त्याच क्रमाने परातीत मांडले, आणि चाकाच्या दांड्यावर गुरफटलेल्या दोऱ्याचं टोक चिमट्याने धरून ओढायला लागली. दोरा येत गेला. वर्षानुवर्षं थोडा थोडा अडकून बसलेला दोरा तो. हिरवा आला, मग केशरी, मग पांढरा.

हुसेनबी बघत होती. ती म्हणाली, "हा हिरवा माझ्या जुबेदाच्या लग्नातला. आणि हा पांढरा..." पांढऱ्या दोऱ्याने तिने कोणाचं कफन शिवलं होतं ते चिमाक्काला माहीत होतं. तिने पांढरा दोरा वेगळा गुंडाळला आणि हुसेनबीच्या हातात ठेवला. असं म्हणतात, त्या दिवशी निघालेला दोरा हुसेनबीच्या दारापासून गावाच्या वेशीपर्यंत पुरला. मशीन चालू झाली आणि हुसेनबी मरेपर्यंत तिचा टाका सुटला नाही.

एका वर्षी श्रावणात नदी गावात शिरली. माणसं आणि गुरं टेकावरच्या देवळात जाऊन बसली. मशिनी कोण उचलणार? एकेक लोखंडी पाय उचलायला दोन गडी लागत. तीन दिवस पाणी हललं नाही. चौथ्या दिवशी लोक खाली आले तेव्हा घराघरात गुडघाभर गाळ होता आणि गाळातून मशिनींच्या माना वर आल्या होत्या. लोखंडाला तांबूस गंज चढलेला. टेबलं फुगलेली, काही उभी फाटलेली.

आठवड्याभरात तालुक्याहून भंगारवाला दोन गाड्या घेऊन आला. त्याच्या मागोमाग ऊसतोडीचा मुकादम आला आणि दिवाळीनंतर कोण कोण टोळीत येणार त्यांची नावं लिहायला बसला. बायकांनी मशिनी अंगणात आणून ठेवल्या. पहिली मशीन गाडीत चढत होती तेव्हा चिमाक्का आली आणि गाडीच्या चाकाला हात घालून उभी राहिली.

"ह्या मेल्या न्हाईत," ती म्हणाली. "बुडाल्यात."

"मावशी, ह्यात आता काय राहिलंय?" भंगारवाला म्हणाला.

ती बायकांकडे वळून म्हणाली, "मार्गशीर्षापतोर मला द्या. न्हाई चालल्या तर मी सोता गाडीत भरून दीन."

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. सगळ्यात आधी हुसेनबीने आपली मशीन मागे ओढली. मग बाकीच्यांनी.

चिमाक्काने अंगणात खड्डा खणला, त्याला आतून शेण-मातीने लिंपून वाळवलं आणि त्यात करंजीचं तेल आणि रॉकेल ओतलं. लोखंड त्यात भिजत घातलं. बायका काथ्याने घासायच्या, ती जोडायची. असं म्हणतात, त्या चार महिन्यांत तिला कोणी आडवं झालेलं पाहिलं नाही आणि परातीतला एकही स्क्रू हरवला नाही. जी मशीन नीट होईल ती लगेच घरी जाऊन शिवायला लागायची. मुकादमाला लिहिलेली नावं एकेक करून खोडावी लागली.

लोखंड उठलं, पण अकरा टेबलं वाचली नाहीत. पाण्यात मुरलेली मशीन लेच्यापेच्या लाकडावर बसत नाही, थरथरते आणि सुई मोडते. सागवान हवं होतं, आणि पुरानंतर गावात कोरडं सागवान कुठेच नव्हतं. होतं ते एका घरात. सुताराचं घर उंचावर होतं.

चिमाक्काने आपलं पुढचं दार काढलं. जुनं जाड दार. त्याच्या दोन फळ्या उभ्या चिरून चार टेबलं झाली. मागच्या दाराची दोन झाली. माळा उतरवला, त्याची तीन झाली. धान्याची कोठी मोडली, तिचं एक झालं. दहा झाली. अकरावी मशीन गल्लीच्या शेवटच्या घरातली, पार्वताक्का पाटलिणीची.

आता घरात लाकूड म्हणून तातोबाचा कामाचा बाक तेवढा उरला होता. त्यावर त्याच्या कोपरांनी दोन खळगे पडले होते. चिमाक्का त्या बाकावर एक दुपारभर बसून राहिली. संध्याकाळी तिने करवत घेतली.

टेबल घेऊन ती गेली तेव्हा पार्वताक्का दारात उभी होती. टेबलावर रंध्याने न गेलेला एक खळगा अजून दिसत होता.

"माझ्यासाठी कशापायी तोडलास बाक?" पार्वताक्काने विचारलं.

"तुझी शेवटची होती म्हणून," चिमाक्का म्हणाली, आणि स्क्रू पिळायला खाली बसली.

पार्वताक्का आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी चाळीसही मशिनी एकदम चालल्या. असं म्हणतात, तो आवाज ऐकून नदीपलीकडच्या गावाला पाऊस आला असं वाटलं आणि त्यांनी भर मार्गशीर्षात वाळवणं उचलून गुरं आत बांधली. त्या माघात वाकुर्लीच्या कुंच्या जत्रेला पुरून उरल्या. टोळीत एकही घर गेलं नाही.

गावाने चिमाक्काला नवं दार करून द्यायचं ठरवलं. ती म्हणाली, "लाकूड असंल तर राखून ठेवा. टेबलाला लागंल." मग ती एकोणीस वर्षं बिनदाराच्या घरात राहिली. असं म्हणतात, एकदा एक नाग उंबऱ्यापर्यंत आला, आत चाललेल्या रंध्याचा आवाज ऐकत घटकाभर थांबला आणि आल्या वाटेने परत गेला.

ती गेली तेव्हा तेरा दिवस गावातली एकही मशीन चालली नाही. कोणी म्हणतात, बायकांनीच चालवली नाही. कोणी म्हणतात, पायटा दाबला तरी चाक फिरत नव्हतं. चौदाव्या दिवशी सगळ्या चालू झाल्या.

वाकुर्लीत तिचा पुतळा नाही की समाधी नाही. पण गावात घर बांधायला काढलं की दार बसवण्याआधी सागवानाची एक फळी देवळाच्या माळ्यावर नेऊन ठेवावी लागते. तिला चिमाक्काची फळी म्हणतात. कोणाच्या मशीनचं टेबल गेलं की तिथली फळी काढायची, विचारायचं कोणाला नाही. आता मशिनींना मोटारी लागल्या, टेबलं मात्र त्याच फळ्यांची आहेत.

परवा पुण्याला नोकरी करणाऱ्या एकाने गावात बंगला बांधला. दारं सगळी काचेची. सुतार म्हणाला, "फळी आणा."

"अहो, काचेच्या दाराला फळी कशाला?"

"दार कशाचं बी असू दे. फळी आली की बसवतो," सुतार म्हणाला आणि हत्यारं पिशवीत भरून घरी गेला.

फळी आणायला त्या माणसाला कोल्हापूरला जावं लागलं. तोवर चार दिवस बंगला बिनदाराचा होता. गावात कोणाला त्यात काही वेगळं वाटलं नाही.