घेवड्याच्या वेलावरच्या अक्षता

आमच्या तळवटवाडीत घरोघरी परसात घेवड्याचे मांडव दिसतायत ना? त्यांच्या खांबांना हळदकुंकू आहे. हसू नका, लग्नच लावतो आम्ही वेलाचं. आणि हा मांडव एकट्यानं घालायचा नाही, अंगात कितीही जोर असो.

असं सांगतात, फार पूर्वी ओढ्यापलीकडं म्हाळसाबाई एकटी राहायची. नवरा जाऊन कैक वर्षं झालेली, मूलबाळ नाही. गावाचं तिच्याशी वैर नव्हतं, कोणाला तिची आठवणच व्हायची नाही, एवढंच. बोलायची ती एका कोंबडीशी, तीही घारीनं नेली.

त्या साली तिनं परसात राख-शेणखत घालून घेवड्याचं बी टोचलं. वेल फोफावला, जमिनीवर लोळायला लागला. तिनं चार खांब पुरले, पण आडवा वासा बांधायचा तर दुसरं माणूस हवं. एक टोक बांधावं तर दुसरं निसटायचं. तीनदा वासा पडला, तेव्हा ती तिथंच बसून रडली म्हणे.

दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर तिनं बायकांना सांगितलं, "परवा माझ्याकडं मांडव आहे. सगळ्यांनी या गं."

मांडव म्हटल्यावर गावाला लग्नच वाटलं. भावाची पोर आणली असेल, म्हणाले. अख्खं गाव ठेवणीतली लुगडी-पागोटी घालून, अक्षता घेऊन, हलगी वाजवत ओढा ओलांडून आलं. बघतात तर म्हाळसाबाई चिखलानं माखलेली, हातात सुंभ.

"नवरी कुठाय?" पाटलीणबाईंनी विचारलं.

तिनं वेलाकडं बोट केलं.

"आमची थट्टा करतेस होय गं?"

"थट्टा नाही हो बाई. वासा धरायला माणूस नव्हतं. खरं सांगू? माणूसच नव्हतं."

मग पाटलीणबाईंनी पदर खोचला आणि वासा धरला. अक्षता घरी परत कशा न्यायच्या, म्हणून त्या वेलावरच टाकल्या. दिवसभर नुसतं हसणं-खिदळणं. म्हाळसाबाईला काय करू नि काय नको झालं होतं.

संध्याकाळी गाव गेलं ते गेलंच. थंडीत वेल शेंगांनी लगडला. ती रोज पातेलंभर उसळ करून दारात बसायची म्हणे. पण दुसऱ्यांदा कुठल्या तोंडानं बोलावणार?

शिमग्याच्या सुमारास पाटलीणबाई ओढ्यापलीकडं गेल्या, तर मांडवावर शेंगा वाळून खडखडत होत्या. त्या धावतच आत शिरल्या. म्हाळसाबाई गेली होती. कधी गेली, हे गावात कोणालाच सांगता आलं नाही.

पाटलीणबाईंनी त्याच वाळल्या शेंगांचं बी घरोघर वाटलं आणि नेम घालून दिला. आजही इथं वेलावर अक्षता टाकणारा त्या घरचा सोयरा होतो. आठवड्यातून एकदा त्यानं शेंगा तोडायला यायचंच. शेंगा संपल्या, वेल वाळून उपटला, तरी यायचं आणि ओसरीवर बसायचं. कशाला आलात, असं घरच्यांनी विचारायचं नाही.