चिवटीचा सहावा चिंचोका

"पाच!"
"सहा!"
"पाचच!"
"सहाच!"

चिंचेखाली भांडण जुंपलं होतं. कुणाचं? चिवटी उंदरीचं आणि तिच्या गबदूदादाचं.

आज होती पुनव. पुनवेला पोरांची वजनं. खारूआत्या तागडी धरायची. दोन करवंट्या, मध्ये काडी. एका करवंटीत पोर. दुसरीत चिंचोके.

पाच चिंचोके भरलेली पोरं खाली बसायची. सहा भरलेली पोरं चिंचेवर चढायची. थेट पहिल्या फांदीवर! तिथं गार वारा. तिथं आंबट चिंचा.

गेल्या पुनवेला चिवटी पाच भरली. आज पाच टाकले, तरी चिवटी खालीच. डुगडुग डुगडुग, खालीच!

"बघ दादा, मी सहा!"

"हॅट! सकाळी भाकरी चेपलीस. ती भाकरी भरतेय. तू पाचच!"

"गप्प बसा रे," खारूआत्या म्हणाली. "तोंडानं कुणाचं वजन झालंय? सहावा टाकते, मग बघू."

आत्यानं मापाचा सहावा, शेवटचा चिंचोका उचलला. हातातून सुटला! टिण टिण टिण... गेला गडगडत. गेला जवळच बसलेल्या शेळीच्या पोटाखाली.

"संपलं," गबदू म्हणाला. "पाचच!"

"आणते मी!" चिवटी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"शेळीमावशी, शेळीमावशी, जरा ऊठ.
शेळी उठेल, चिंचोका मिळेल,
चिवटी सहा भरेल, फांदीवर चढेल!"

शेळी म्हणाली, "बें! उठत नाही जा. आधी हातभर शेंडा आण. दोडक्याचा."

चिवटी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. कुंपणावर होता दोडक्याचा वेल.

"वेलमामा, वेलमामा, हातभर शेंडा दे.
हातभर शेंडा शेळीला,
शेळी उठेल, चिंचोका मिळेल,
चिवटी सहा भरेल, फांदीवर चढेल!"

वेल म्हणाला, "सळसळ! देत नाही जा. आधी ओंजळभर पाणी आण."

चिवटी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. पाणी भरलेल्या मातीच्या परळापाशी होती कोंबडी.

"कोंबडीकाकू, कोंबडीकाकू, ओंजळभर पाणी दे.
ओंजळभर पाणी वेलाला,
हातभर शेंडा शेळीला,
शेळी उठेल, चिंचोका मिळेल,
चिवटी सहा भरेल, फांदीवर चढेल!"

कोंबडी म्हणाली, "कॉक कॉक! देत नाही जा. आधी मूठभर कोंडा आण."

चिवटी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. दारात भिमाक्का पीठ चाळत होती. खस खस, खस खस.

"भिमाक्का, भिमाक्का, मूठभर कोंडा दे.
मूठभर कोंडा कोंबडीला,
ओंजळभर पाणी वेलाला,
हातभर शेंडा शेळीला,
शेळी उठेल, चिंचोका मिळेल,
चिवटी सहा भरेल, फांदीवर चढेल!"

"अगं बया, उंदरी!" भिमाक्कानं चाळण आपटली. धप्प! "देत नाही जा. झोळीत पोर बघ कशी रडतेय. आधी तिळभर हसू आण."

चिवटी झोळीवर चढली. सरसर, सरसर. आत होती तान्ही बायजा.

"बायजाबाई, बायजाबाई, तिळभर हसू दे.
तिळभर हसू भिमाक्काला,
मूठभर कोंडा कोंबडीला,
ओंजळभर पाणी वेलाला,
हातभर शेंडा शेळीला,
शेळी उठेल, चिंचोका मिळेल,
चिवटी सहा भरेल, फांदीवर चढेल!"

बायजा म्हणाली, "ट्यँहा!"

तान्ह्या बाळाला काय कळतंय? तिला ना शेळी ठाऊक, ना चिंचोका. ट्यँहा, ट्यँहा!

चिवटीला आला राग. ती स्वतःच्याच शेपटीमागे लागली. गिरगिर, गिरगिर, गिरगिर... धपकन आपटली!

बायजा गप्प झाली. बायजानं बघितलं. आणि बायजा हसली. खुदुखुदु, खुदुखुदु!

भिमाक्का पण हसली. "ने गं बाई, मूठभर कोंडा ने."

चिवटीनं मूठ भरली. एवढीशी मूठ. कोंबडीला दिली.

"कॉक! एवढासाच?"

"मूठभर म्हणालीस, काकू. कुणाची मूठ ते कुठं म्हणालीस? ही माझी मूठ!"

कोंबडीनं चोच वाकवली. कोंडा टिपला. पाणी दिलं.

चिवटीनं ओंजळ भरली. एवढीशी ओंजळ. दोन पायांवर चालली. हळूहळू, हळूहळू. थेंब सांडला नाही. वेलाला घातली.

"सळसळ! एवढंसंच?"

"ओंजळभर म्हणालास, मामा. कुणाची ओंजळ ते कुठं म्हणालास? ही माझी ओंजळ!"

वेल डुलला. पाणी प्याला. शेंडा दिला.

चिवटीनं शेंडा मोजला. कोपरापासून बोटापर्यंत. एवढासा हात. शेळीला दिला.

"बें! एवढासाच?"

"हातभर म्हणालीस, मावशी. कुणाचा हात ते कुठं म्हणालीस? हा माझा हात!"

शेळीनं मान पुढं केली. शेंडा खाल्ला. कुरुम कुरुम. आणि उठली!

पोटाखाली चिंचोका! लाल, गुळगुळीत, ऊन ऊन. चिवटीनं डोक्यावर घेतला. तुरुतुरु, तुरुतुरु, चिंचेखाली हजर.

चिवटी करवंटीत बसली. पाय आत. शेपटी आत. सगळी पोरं मोजू लागली.

"एक! दोन! तीन! चार! पाच!"

खारूआत्यानं सहावा दोन्ही हातांनी धरून करवंटीत ठेवला...

"सहा!"

डुगडुग डुगडुग. डुग डुग. डुग.

तागडी थांबली. दोन्ही करवंट्या सारख्या!

"सहा भरली गं माझी बाय," खारूआत्या म्हणाली. "चढ वर!"

"पण ती भाकरी!" गबदू ओरडला. "सकाळची भाकरी! ती भाकरी भरली, आत्या, ही नाही भरली!"

चिवटी चढली. सरसर, सरसर. पहिल्या फांदीवर बसली. पाय खाली सोडले. पोटावरून हात फिरवला. आणि वरून म्हणाली,

"खाल्ली तेव्हा ती भाकरी होती, दादा, आता ती मीच आहे!"