महादबाच्या दमाची पट्टी

रंगारवाडीचे कोणतेही कापड हातात घ्या, त्याच्या काठाजवळ बोटभर रुंदीची एक कोरी पांढरी पट्टी सापडेल. नवखे गिऱ्हाईक हमखास नाक मुरडते. "इथे रंग लागायचा राहिला की हो!" म्हणून भाव पाडायला बघते. आमचे रंगारी नुसते हसतात. ती पट्टी मुद्दाम राखलेली असते, आणि तिच्यामागची हकिगत या टेकडीवर, उजळाईच्या देवळात घडली, असे सांगतात. एवढ्या पायऱ्या चढून आलाच आहात, तर घटकाभर टेका आणि ऐका. दारावर जे रंगीत कापड लोंबते आहे, तेही नीट पाहून ठेवा.

फार जुन्या काळी या वाडीत साळूबाई नावाची रंगारीण होती. ऐन तरुणपणी तिचा नवरा गेला. घरातली निळीची नांद नासली, चुलीत गवत उगवायची वेळ आली आणि साळू अंथरूण धरून बसली. आयाबाया समजावून थकल्या. पण टेकडीवर रोज पहाटे महादबा गुरव सनई वाजवायचा. देवीला जाग आणणारी ती धून त्याच्या घराण्याची होती, दुसऱ्या कोणाला येत नसे. ती संपल्याशिवाय देवळाचे दार उघडायचे नाही, असा त्याच्या आजाने देवीला शब्द दिला होता. ती धून रोज ऐकता ऐकता एके पहाटे साळू आपणहून उठली, नदीवर गेली आणि तिने पहिले कापड भिजवले. पुढे ती सगळ्यांना सांगायची, "सनई वाजती देवीसाठी, पर उठले म्या." हे बोलताना दर वेळी तिचे डोळे भरून यायचे.

तेव्हापासून रोजचा शिरस्ता पडला. अंधार असतानाच साळू नदीच्या खडकावर कापड धुवायला बसायची आणि म्हातारा महादबा काखेत सनई घेऊन शेजारून पायऱ्या चढायचा. त्याला धाप लागलेली ऐकून ती ओरडायची, "दम घ्या, बाबा!" आणि तो वरून म्हणायचा, "म्या दम घेतला तर देवी लोळत पडंल, पोरी!" वीस वर्षे हेच बोलणे झाले म्हणतात. दोघांनाही त्याचा कधी कंटाळा आला नाही.

एके दिवशी महादबाच्या अंगावरून वारे गेले. तोंड एका बाजूला वाकडे झाले, ओठात सनईची पत्ती धरवेना. पोटी मूल नव्हते, धून कोणाला शिकवलेली नव्हती. गावाने परगावचा सनईवाला आणला. तो बिचारा चांगले वाजवून गेला, पण त्याची धून वेगळी. मानकऱ्यांनी दाराला हात लावला नाही. महादबा दारासमोर घोंगडीवर पडून राहिला. दार उघडेपर्यंत आपण अन्न घेणार नाही, हे त्याने खुणेनेच सांगितले. शब्द त्याच्या घराण्याचा होता, तो मोडून जेवायचे कसे?

दुसरा दिवस गेला, तिसरा गेला. साळूने पेज नेली, त्याने मान फिरवली. ती तशीच खाली आली आणि नांदीपाशी बसली. तिला गाणे येत नव्हते, पण वीस वर्षे ती धून तिच्या कानात मुरली होती. सुरुवात कशी, तर विहिरीच्या तळातून यावी तशी. ती गर्द निळी. मग एक दुखरा, जड सूर यायचा, त्याला आल नावाच्या झाडाच्या मुळीचा तांबडा. पुढे सनई जरा मोकळी व्हायची, तिथे पळसाच्या फुलांचा केशरी. आणि शेवटी दार उघडताना हळदीचा पिवळा, लख्ख. रात्रभर खपून तिने दहा हात कापड रंगवले. एक धागा कोरा सोडला नाही. कापडावर पांढरे राहिले तर रंगाऱ्याचे नाक कापले जाते, हे तिला लहानपणापासून बजावलेले होते.

चौथ्या दिवशी तिने ते कापड महादबापुढे पसरले. "बाबा, तुमची सनई आनलीया. वळखा." म्हाताऱ्याने निळ्यावर बोट ठेवले. त्याचा चेहरा उजळला. बोट सरकत निघाले, तांबडे, केशरी, पिवळे, असे न थांबता टोकाला जाऊन पोचले. मग त्याने कापड हलकेच बाजूला सारले. वाकड्या तोंडातून दोनच शब्द आले.

"दम... कुठाय?"

साळू रडत खाली उतरली. हा माणूस आता आपल्या डोळ्यांदेखत जाणार, एवढेच तिला दिसत होते. सवयीने ती खडकावर बसली. समोर नदी खळखळत होती, आणि ऐकता ऐकता ती चपापली. रोज धून चालू असताना मधेच नदीचा हाच आवाज यायचा. केव्हा? तर महादबा श्वास घ्यायला थांबायचा तेव्हा. त्याच्या जोडीला सूर धरणारा कोणी नव्हता. एकटा माणूस, तो थांबला की सनई थांबायची. आणि त्या थांबण्यात पुढच्या सुराची वाट पाहतच ती त्या पहाटे अंथरुणातून उठली होती.

तिने नवे कापड घेतले. जिथे जिथे तो थांबायचा तिथे मेणाचा दोरा करकचून आवळला, म्हणजे आत रंग शिरायचा नाही. रंगाऱ्याची लेक आपल्या हाताने कापड कोरे ठेवत होती. शेजारणी म्हणाल्या, "साळे, इज्जत घालवतीस व्हय?" ती म्हणाली, "जाऊ द्या गेली तर. बाबानंच दिलीया."

पाचव्या पहाटे सारी वाडी देवळापुढे जमली. साळूने कापड दारावर टांगले. दोघांनी महादबाला धरून उभे केले. त्याने निळ्यावर बोट ठेवले. बोट सरकले आणि पहिल्या पांढऱ्या पट्टीवर थांबले. म्हाताऱ्याची छाती भरून आली, गाल फुगले, आणि बोट पुन्हा निघाले. प्रत्येक पट्टीवर तो थांबला, प्रत्येक वेळी त्याने श्वास घेतला. म्हणे त्या पहाटे टेकडीवर सगळ्यांना सनई ऐकू आली. मी तिथे नव्हतो, तुम्हीही नव्हता, तेव्हा वाद नको. पिवळ्याच्या टोकाला बोट पोचले आणि महादबाने मान डोलावली. "वाजली," तो म्हणाला. मानकऱ्यांनी दार उघडले. साळूने तिथेच त्याला पेज भरवली.

आजही पहाटे उजळाईपुढे सनई वाजत नाही. वर्षातून एकदा रंगारणी नवे कापड रंगवून या दारावर टांगतात. रोज गुरवाचे बोट त्यावरून फिरते, पांढऱ्या पट्टीवर थांबते, आणि तेवढा वेळ देवळात उभा असलेला प्रत्येक माणूस गप्प उभा राहून श्वास घेतो. खालून नदी तेवढी ऐकू येते. उद्या पहाटे याल तर पाहाल.

आणि वाडीत कोणत्याही घरी जा. कापडाला रंगात बुडवण्याआधी रंगारीण काठाशी दोरा आवळते, आणि गाठ मारताना ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटते. पाहुण्यांना वाटते, मंत्र असावा. मंत्र कसला? ती म्हणते, "दम घ्या, बाबा."